चातुर्मासातला लसूण

आई,

तू जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण आपल्या दोघींतलं लसणाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. ते मिटवायला बसले आहे असंही नाही. आज मला माझीच किळस आली आहे आणि ती सांगायला दुसरं कुणी सुचेना.

तो चातुर्मास आठव. गिरगावातल्या आपल्या स्वयंपाकघरात तू तांदूळ निवडते आहेस, मी परळच्या प्रयोगशाळेतून येऊन तांब्या उचलते. मान वर न करता तू म्हणतेस, "लसूण खाल्लास." चार महिने कांदा, लसूण, वांगं घरात वर्ज्य; त्यातून तू शाळेत संस्कृत शिकवणारी बाई. मी सांगितलं की सेलेनियमची भुकटी तोलताना नाकातोंडात गेली, ती अंगात भिनली की श्वासाला असाच वास येतो, दात घासूनही जात नाही. तू म्हणालीस, "असं होय? मग कोपऱ्यावरच्या खानावळीत बरेच शास्त्रज्ञ निघतील गं." गॅलरीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. वास काही आठवडे राहिला, माझं ताट देवघरापासून लांब मांडलं गेलं आणि प्रत्येक घासाला मला स्वतःच्या श्वासाची शिसारी येत राहिली. चातुर्मास संपला त्या दिवशी तू ताटात लसणाची चटणी वाढलीस. "घे, आता उघड खा."

मी अजून त्याच सेलेनियमच्या मागे आहे. पेशीत प्रथिनं घडताना एकेक अमिनो आम्ल आणून देणारे छोटे आरएनए असतात, हमालच म्हण. त्यांतला एक न्यारा. जिथे बाकीच्यांना 'थांबा' अशी खूण दिसते, तिथे हा सेलेनियमवालं अमिनो आम्ल आणून ठेवतो आणि काम पुढे चालू राहतं. तेही त्याला आयतं मिळत नाही; आधी सेरीन नावाचं साधं अमिनो आम्ल पाठीवर घेतो, मग पाठीवरच त्याचं सेलेनियमवालं सेलेनोसिस्टीन होतं. तुला आवडला असता. अपवादापुढे नियमाने बाजूला व्हायचं असतं, हे व्याकरण पोळ्या लाटता लाटता तूच शिकवलं होतंस.

शिवडीच्या चिखलातल्या एका जिवाणूत हा हमाल आहे का, ते माझी विद्यार्थिनी शोधत होती. लालबागची, मोजकं बोलणारी. हे आरएनए जेलीसारख्या थरातून विजेने पळवले की लांबीप्रमाणे पट्ट्या पडतात. हा इतरांहून लांब, म्हणून त्याची पट्टी वर, एकटी. तशी एक फिकट पट्टी तिला मिळाली. जिवाणूची जनुकं वाचणारा संगणकातला प्रोग्राम मात्र म्हणाला, असा आरएनए इथे नाहीच. मी प्रोग्रामची बाजू घेतली.

"चिखलातून आणलंयस, घाण येणारच."

"मॅडम, घाण तीन-तीनदा एकाच जागी नाय बसत."

"बसते गं. मुंबईची घाण आहे, मिळालेली जागा सोडत नाही."

सगळी प्रयोगशाळा हसली. अहवालातल्या चित्राची वरची कड, त्या पट्टीसकट, मी तिच्याच हातून कापून घेतली. मग तिला विषय बदलायला लावला. त्यानंतर बैठकीत तिने कधी तोंड उघडलं नाही, आणि मी मनात म्हटलं, चला, शहाणी झाली.

गेल्या आठवड्यात कळलं की तो प्रोग्राम नेहमीच्या मापाचेच आरएनए ओळखतो, लांब दिसला की टाकून देतो. नव्या प्रोग्रामने तीच जुनी माहिती वाचून पाच मिनिटांत त्यावर बोट ठेवलं. मी फ्रीजरमधून तिचा जुना नमुना काढला, दार लावून, कुणी बघू नये म्हणून, आणि नेमका त्यालाच चिकटणारा तुकडा लावून पाहिला. पट्टी तिथेच. वर, एकटी. मनात पहिलं वाक्य कोणतं आलं माहीत आहे? 'मिळालं आपल्याला!' आपल्याला म्हणे. तोंडात काहीतरी कुजल्यासारखं झालं ते अजून गेलेलं नाही. आणि ते वाक्य, ते जागा न सोडणाऱ्या घाणीचं, मी तेव्हा घरी येऊन आरशासमोर परत म्हणून पाहिलं होतं, इतकं मला आवडलं होतं. जीभ तुझीच आहे, आई.

उद्या सकाळी तिच्या कामाचा आढावा घ्यायला समिती बसणार आहे. न कापलेलं चित्र पिशवीत ठेवलंय. 'ही कड मी कापायला लावली' हे वाक्य मात्र चारदा लिहून चारदा खोडलं. तिला द्यायचं पत्र चार ओळींचं, ते होत नाही. तुला पानं भरून लिहिते आहे, कारण तू उलट बोलणार नाहीस. तर हे इथेच थांबवते. हे कुठे पाठवायचं नाहीच. तिचं पाठवायचं आहे.

कबुली द्यायची तेवढी सवय व्हावी म्हणून एक सांगते. त्या श्रावणात एका संध्याकाळी, नाहीतरी वास येतोच आहे, असं म्हणून मी ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर लाल चटणी लावून दोन वडापाव खाल्ले होते. नेमकी त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस.