कोयत्याला धार लावून आण

घरधनीण आईस, थोरल्या लेकीचा पायांवर माथा.

नेरू जिवंत आहे. सेनानी ओदालाबाईंनी आज सकाळी स्वतः येऊन सांगितलं. माझ्या मांडीची जखमही भरत आली आहे, काळजी करू नकोस.

लढाईत त्याने वल्हं टाकून माझा भाला उचलला, म्हणून मी वाचले. पण कायदा तुला ठाऊकच आहे. पुरुषाने शस्त्राला लावलेला हात मनगटापासून तोडायचा, आणि तोही त्याच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईने. आई थकली आहे, नेरूला सोडा, म्हणून मी खूप गयावया केली. ओदालाबाई हसल्या. "भावाच्या आड लपलीस, आता आईच्या पदराआड लपतेस? तुमच्या घरात बाई आहे की नाही गं?"

नेरू म्हणाला, "ताई, आईचा हात थरथरतो. तूच कर ना." पण तू असताना मला परवानगी नाही.

शहाळी सोलायचा कोयता आण, नीट धार लावून. दुसरा घाव घालावा लागू नये. शेळी व्याली का?

परवा भरतीला तुला न्यायला होडी येईल. वल्ह्यावर नेरूच असेल, तसा हुकूम आहे. वाटेत त्याला रागावू नकोस.

तुझी तिरेवा