अक्रोडाच्या फळ्या

डुलुथ बंदर, बोटीवरून
२० सप्टेंबर १९७८

चि. मारितला थोरल्या भावाचे अ. आ. (थोरलेपण एकाच वर्षाचं आहे म्हणून आशीर्वाद पातळ समजू नकोस.)

तुझं पत्र इथे बंदरात मिळालं. आमच्या बोटीत कच्चं लोखंड भरेपर्यंत मी ते तीनदा वाचलं. आईची कंबर आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. बाबांना सांग, मी रोज पोटभर जेवतो. स्वयंपाकी फिनलंडचा आहे आणि बटाट्याशिवाय त्याला काही दिसत नाही.

होमकमिंगच्या मॅचआधीच्या शेकोटीची प्रमुख तू! ब्रँडल हायस्कूलचं आता काही खरं नाही. आमची शेकोटी वीस फूट उंच होती हे विसरू नकोस. त्याहून बुटकी केलीस तर आपलं नातं संपलं. हेडमास्तर ब्रॉडींनी यंदा तंबी दिली आहे म्हणतेस, की एक जरी तक्रार आली तरी ख्रिसमसपर्यंत बँड, सहली, सगळं बंद. मग त्यांच्या पुढे पुढे कर आणि गोड बोल, तुला जमतं ते. गेल्या वर्षीच्या काचा आमच्या वर्गाने फोडल्या नव्हत्या, हेही जाता जाता कानावर घाल.

लाकूड कमी पडतंय असं लिहिलंयस. नेस सरांच्या कोठाराच्या मागे पत्र्याखाली जुन्या फळ्यांचा ढीग पडलाय. वर्षानुवर्षं तिकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. सर आता निवृत्त झालेत, सुतारकाम शिकवायला पोरं नाहीत, त्यांना काय करायच्यात? घेऊन टाक.

कॉर्सोच्या फुटबॉल टीमला यंदा तरी हरवा. आपण त्यांना हरवल्याला अकरा वर्षं झाली.

उत्तर लांबलचक हवं. लोभ धर, आणि माझ्या सायकलला हात लावू नकोस.
तुझा आर्लन

———

ब्रँडल, मिनेसोटा
९ ऑक्टोबर १९७८

प्रिय आर्लन, सा. न. वि. वि.

जिंकलो! वीस-चौदा! शेवटच्या मिनिटाला बँडमधल्या कुणालाच वाजवायचं भान राहिलं नाही. माझा ट्रॉम्बोन गवतात पडला आणि त्याला पोचा आला. बाबा, आपले बाबा, बाकावर उभे राहून ओरडले. आईने त्यांना कोटाला धरून खाली ओढलं. अख्खा आठवडा शाळा वेडी झाली होती. सोमवारी सगळे झोपायच्या कपड्यांत, मंगळवारी उलटे कपडे घालून. ब्रॉडींनीसुद्धा टाय पाठीवर सोडला होता.

गुरुवारी संध्याकाळी शेकोटी झाली. तेवीस फूट! नातं टिकलं म्हणायचं.

आता एक सांगायचंय.

मी आणि ग्लेनिस तिच्या वडिलांचा ट्रक घेऊन तीस तारखेला नेस सरांकडे गेलो होतो. विचारूनच घ्यायचं अशी रीत आहे, ठाऊक आहे मला. पण घरी कुणी नव्हतं. पत्रा उचलला तर फळ्या वरून करड्या पडलेल्या, पण एकीवर एक नीट रचलेल्या, मधे सारख्या अंतराने बारीक पट्ट्या घातलेल्या. टाकाऊ लाकूड असं कुणी ठेवत नाही. हे माझ्या मनात आलं, आर्लन. आलं होतं. ग्लेनिस म्हणाली, उचल गं, उशीर होतोय. मग मी उचलल्या. बावीस होत्या, आणि फार जड.

शेकोटीला सर नेहमीसारखे घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन आले. मला बोलावून म्हणाले, यंदा जाळाला रंग सुरेख आलाय, आणि वासही वेगळाच, काय घातलंस गं? मी म्हटलं, जुनी खोकी, सर. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

काल चर्चमध्ये ते सांगत होते की कोठारामागून त्यांचा काळा अक्रोड चोरीला गेला. बोर्गिल्डबाईंच्या माहेरच्या अंगणातलं झाड बारा वर्षांपूर्वी वादळात पडलं, त्याच्या फळ्या. यंदा थँक्सगिव्हिंगला दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. निदान त्या दिवसापर्यंत तरी बाईंना जेवणाचं टेबल करून द्यायचं कबूल केलं होतं त्यांनी. चाळीस वर्षं शाळेचंच काही ना काही आधी करावं लागलं. स्टेज, बँडमास्तरचा चौथरा, ढालींचं कपाट. टेबल दर वर्षी मागे पडत गेलं.

मी काय करू? लगेच लिही. तुला ते नुसतं भंगार वाटलं, तुझी काही चूक नाही. माझी आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
मारित

———

ब्रँडल
२२ ऑक्टोबर १९७८

प्रिय आर्लन, सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही. बोट कुठे अडकली, की तूच? आई रोज टपालपेटी बघते आणि मी तिच्या आधी बघते.

इथे गोष्टी बिघडल्या. व्हर्जिल बूथ आठवतो ना, सरांचं गवत कापायचा, कुंपण रंगवायचा? रेल्वेच्या तांब्याच्या तारा चोरल्या म्हणून मागे आठ महिने आत जाऊन आलेला? शेरीफने त्याला दोनदा बोलावून नेलं. त्या फळ्यांची किंमत ओळखणारा तोच, म्हणे. दुसऱ्या वेळी त्याची खोली उलटीपालटी केली. मिळणार काय, कपाळ! पण घरमालकिणीने त्याला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. मंगळवारी मी त्याला बसथांब्यावर पाहिलं. हातात एकच बॅग होती. मी शाळेच्या बसमध्ये खिडकीशी होते. आमच्या पोरी विजयाचं गाणं गात होत्या, आणि मीही तोंड हलवत होते.

तू म्हणशील, मग बोललीस का नाही? अठ्ठावीसला आमचा बँड मिनियापोलिसच्या मोठ्या संचलनात जायचाय. ब्रँडल पहिल्यांदाच. साठ पोरं आहेत, गणवेश गावाने वर्षभर केक विकून आणलेत. मी तोंड उघडलं की ब्रॉडी सगळं बंद करतील. मी मनाशी ठरवलंय, संचलन होऊ दे, मग सांगते. हे लिहिताना माझं मलाच कळतंय की माणूस गेला आहे आणि मी संचलनाच्या तारखा मोजतेय.

ग्लेनिसने शपथ घातलीय. ती म्हणते, जळलं ते जळलं, आता बोलून फळ्या परत येणारेत का?

दोन ओळी तरी पाठव. रागावलास तरी चालेल.
मारित

———

डेट्रॉइटजवळ, बोटीवरून
१ नोव्हेंबर १९७८

मारित,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

तुझी दोन्ही पत्रं मला वेळेवर मिळाली होती. बोट कुठेही अडकली नव्हती.

मला त्या फळ्या ठाऊक होत्या. मागच्या उन्हाळ्यात मी सरांकडे कामाला होतो ना, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तो सगळा ढीग उतरवून पुन्हा रचला होता. त्या बारीक पट्ट्या मीच कापल्यात. टेबलाचं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. कागदावर काढूनही दाखवलं होतं. पाय कसे असतील, बाई कुठल्या बाजूला बसतील, सगळं.

मग गेल्या मार्चमध्ये मी राज्याच्या प्रदर्शनासाठी बंदुकांचं कपाट केलं, ते त्यांनी पाठवलं नाही. सांध्यात भुसा आणि सरस भरलाय म्हणाले. सगळ्या वर्गादेखत म्हणाले, आर्लन, तू घाई केलीस आणि वरून झाकलंस. ते खरं होतं. म्हणूनच झोंबलं. तुला पत्र लिहिताना मला ते कपाट आठवलं आणि हसू आलं. म्हटलं, म्हाताऱ्याची जरा जिरेल. तू विचारल्याशिवाय नेणार नाहीस असंही वाटलं. नाही, हेही खोटंच. मला काही वाटलंच नाही, मी नुसतं लिहून टाकलं.

तू लिहितेस की माझी चूक नाही. ते वाचून मी पाच दिवस कुणाशी बोललो नाही. फिनिश स्वयंपाक्याने विचारलं, घरी कुणी वारलं का रे?

सरांना सांग की आर्लनने सांगितलं म्हणून नेल्या. सगळं माझ्यावर घाल. मी इथे पाण्यावर आहे, मला कोण काय करणार?

तुझा,
आर्लन

———

ब्रँडल
१३ नोव्हेंबर १९७८

आर्लन,

तुझं पत्र गेल्या सोमवारी आलं. मी ते गोठ्यात वाचलं. तासभर तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर बरं झालं नसतं. मग आठवलं, पत्रा मीच उचलला होता.

संचलन झालं होतं. आम्ही तिसरे आलो. मी वाजवलं. ती गोष्ट आता कधी पुसली जाणार नाही.

त्याच दुपारी मी सरांकडे गेले. ते पटाशीला धार लावत होते. मी सगळं सांगितलं. शेकोटीत जुनी खोकी घातली अशी थाप मारली होती तेही. त्यांनी धार लावणं थांबवलं नाही, नुसता वेग कमी झाला. मग म्हणाले, म्हणजे मी माझ्याच टेबलापाशी हात शेकत बसलो होतो. हसले नाहीत. मी रडायला लागले तर म्हणाले, इथे नको, भुसा भिजतो.

बोर्गिल्डबाई मधल्या दारात उभ्या होत्या, मला दिसल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षांचे शनिवार शाळेने नेले, तेवढं एक राहिलं होतं, तेही नेलंत. आणि आत गेल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

सरांशी मी व्हर्जिलबद्दल बोलले, तेव्हा मात्र ते खाली बसले. शेरीफने विचारलं होतं की फळ्यांचं कुणाकुणाला ठाऊक होतं, आणि त्यांनी व्हर्जिलचं नाव दिलं होतं. ते म्हणाले, आणखी एक नाव होतं, ते मी दिलं नाही, कारण तो माझा विद्यार्थी होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही तुझं नाव घेतलं नाही. ते तुझं आहे, तू सांग. पाण्यावर आहेस म्हणून सुटलास असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रॉडींकडे गेले. शेकोटी कायमची बंद. बँडही ख्रिसमसपर्यंत बंद. माझ्या कपाटात रोज चिठ्ठ्या येतात. आता खूश झालीस ना, चुगलखोर, वगैरे. फळ्या जाळल्याबद्दल एकही चिठ्ठी नाही, सांगितल्याबद्दल अकरा. ग्लेनिस जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसते. तिला न विचारता मी तिचं नाव सांगितलं, तिचंही बरोबर आहे. आई ताटात जास्त वाढते. बाबांनी चर्चमध्ये सरांच्या शेजारची जागा सोडून मागे बसायला सुरुवात केलीय.

शनिवारी मी सरांकडे काम करायला जाते. त्यांनी बोलावलं नव्हतं. झाडू दाखवला.

मारित

———

ब्रँडल
२६ नोव्हेंबर १९७८

प्रिय आर्लन, सा. न. वि. वि.

थँक्सगिव्हिंगला नेसांकडे वीस माणसं होती. चर्चच्या तळघरातली घडीची टेबलं जोडून त्यांवर पांढरी चादर घातली होती. मी आणि आई भोपळ्याचे केक पोचवायला गेलो. बाईंनी ते घेतले आणि आईचे आभार मानले. माझे नाही.

काल सकाळी सर गाडी घेऊन दारात आले. म्हणाले, व्हर्जिल सापडलाय, येतेस का? साठ मैलांवर टर्की पक्षी कापायचा कारखाना आहे, तिथे कामाला लागलाय. वाटभर मी रस्ताच बघत होते.

तो मागच्या दाराने बाहेर आला. रबराचे बूट, पांढरा ओला एप्रन, हात लालभडक. आम्हाला पाहून आधी त्याने रस्त्याकडे पाहिलं, शेरीफची गाडी आहे का म्हणून. सरांनी टोपी काढली. त्या वाऱ्यात त्यांचं टक्कल बघवत नव्हतं. म्हणाले, व्हर्जिल, तुझं नाव मी दिलं होतं, ते चूक होतं, मी माफी मागायला आलोय. मग मी माझं सांगितलं. पाठ केलं होतं, पण निम्मं विसरले.

त्याने सगळं ऐकून घेतलं. एप्रनला हात पुसत राहिला. सरांना म्हणाला, ठीक आहे सर, नाव कुणाचं तरी द्यावंच लागतं. सर म्हणाले, परत ये, खोलीचं मी बघतो. तो म्हणाला, इथं बरं आहे, इथं मला कुणी ओळखत नाही.

मला वाटलं, आता तो मला काहीतरी बोलेल. बोलावं असं फार वाटत होतं. तो माझ्याकडे वळला आणि त्याने विचारलं, मग काय, कॉर्सोला हरवलंत का?

मी म्हटलं, हो. वीस-चौदा.

तो हसला, आर्लन. खरोखर हसला, पुढचा दात नाहीये त्याला. म्हणाला, एक्कावन्न साली मी डाव्या बगलेला खेळायचो, शेवटच्या मिनिटाला आमच्या हातून मॅच गेली होती. तुमचे पहिले गुण कुणी केले? मी सांगितलं. त्याने एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं, त्या थंडीत, टर्कीच्या वासात, पूर्ण मॅच. मग आत भोंगा झाला. त्याने सरांशी हात मिळवला, मला म्हणाला, शाब्बास पोरांनो, आणि आत गेला.

सरांनी गाडी बराच वेळ सुरू केली नाही.

परत येताना मी त्यांना सांगितलं की तुमच्याशी अजून एकाला बोलायचंय. ते म्हणाले, ठाऊक आहे, पण त्याने स्वतः लिहावं.

डिसेंबरात सरोवर गोठलं की तुझी बोट थांबेल आणि तू घरी येशील. त्याआधी सरांना लिही. व्हर्जिललाही लिही, तुझ्याच हाताने. पत्ता मी त्याच्याकडून मागून घेतलाय. कशाला हवा म्हणून त्याने विचारलं नाही. पत्राच्या पाठीमागे लिहिलाय.

आईबाबा खुशाल आहेत. मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि तुझी वाट बघते आहे. दोन्ही खरं आहे.

तुझी,
मारित