उपासाचं कौतुक

आई, ओळखलंस का कोण बोलतंय? तुझ्या विसराळूपणाचं काही सांगता येत नाही. चुलीवर दूध ठेवून शेजारणीशी गप्पा मारत बसायचीस आणि ते उतू गेलं की मलाच विचारायचीस, लक्ष कुठे होतं म्हणून. मी तुझी थोरली. खडकीच्या क्वार्टरमध्ये मला नऊ वर्षांची ठेवून गेलीस. शाळा सुटली ती तेव्हाच, म्हणून हे माझी नात लिहून घेतेय. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढीच आहे ती आज, त्यामुळे तुला आई म्हणताना जरा चमत्कारिकच वाटतं.

तुझे उपास आठवतात मला. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, आणि शेवटी तर उपास नाही असा वारच उरला नाही. घास उतरत नव्हता तुझ्या घशाखाली. मोरीत ओकताना मी पाहिलं, तर ओठांवर बोट ठेवलंस. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तुझ्या पाया पडायच्या, केवढी निष्ठा म्हणून. आत्या सांगत सुटायची, "आमची वहिनी वाऱ्यावर जगते." जगलीस कुठे? पोरगी उपाशी मरतेय आणि यांना पुण्य दिसतंय.

आता ही लिहिणारी. हिंजवडीत नोकरी. दोन घासांत पोट भरायचं, जेवल्यावर दुखायचं. घरी सांगायची, डाएट आहे. ऑफिसातल्या मैत्रिणी मागे लागायच्या, "काय करतेस गं, आम्हालाही सांग ना!" डॉक्टरांनीही आधी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, या वयात दुसरं काय असणार? शेवटी तोंडातून नळी घालून पाहिलं, तर पोटाचा कॅन्सर. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरुणपणी पुष्कळदा हा असाच असतो, गाठ न होता पोटाच्या भिंतीतच पसरत जातो, आणि वय पाहून कोणाला शंका येत नाही. तोवर हिचा पोटाबाहेर गेलेला. केमो देऊ, दिवस वाढतील, पण पुरता जाईल असं म्हणवत नाही, म्हणाल्या. हे वाक्य हिने फार सावकाश लिहिलं. मला हिचं अक्षर लागत नाही, पण हात कळतो. "थांबू या का गं?" विचारलं. म्हणाली, "सांग तू, आजी. माझ्यापासून काय लपवणार, मीच लिहितेय."

बाईंनी विचारलं होतं, घरात आधी कोणाला होतं का? माझा मुलगा, हिचा बाप, ठासून म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "माझ्या आईला असेल." "अगं, ती उपासांनी गेली ना?" "तिचं पोट कोणी तपासलं होतं का रे?" कधी कधी हा घराण्यातून येतो म्हणे, म्हणून हिच्यामागोमाग आमचंही रक्त तपासायला घेतलंय. सोन्याचा एक मणी ठेवला नाहीस माझ्यासाठी. हे मात्र ठेवलं असशील तर कमाल आहे तुझी.

पत्र टाकायचं कुठे, ही विचारतेय. कुठेच नाही, राहू दे इथेच. एक सांगते, बोलू नकोस कोणाला: आज एकादशी, आणि मी सकाळीच पोळीभाजी खाल्ली, हिच्यासमोर बसून. देवाला काय वाटायचं ते वाटो. पितृपक्षात तुझ्या नावाने पान वाढत आले, यंदा तू पाठव. साबुदाणा नको, वरीचे तांदूळ नकोत. मऊ भात, मेतकूट, वर तूप. वाटीभरच पाठव, हिला एका वेळी तेवढाच जातो.