माझ्यासाठी वेगळं पाणी

३ फेब्रुवारी
आले एकदाची! जळगावहून सकाळची एस.टी., पारोळ्याला भजी, धुळ्याला गाडी बदलली आणि सोनगीरच्या पुढे हायवेवरच उतरले. ही संस्था म्हणजे बंद पडलेली जिनिंग. जिथं रुईचे ढीग पडायचे तिथं आता एसी चालतो आणि पिंजऱ्यांत उंदीर. पांढरे नाहीत हां, काळेभोर, तेल लावल्यासारखे. आई म्हणाली, मी घरातले मारायला औषध आणते आणि तू एम.फार्म. करून पाळायला निघालीस.

काम पार्किन्सनवर, म्हणजे कंपवातावर. प्रेमराज सरांनी लगेच समजावलं. उंदराला हा रोग आपोआप होत नाही, तो आपण करायचा. एक औषध टोचलं की मेंदूतल्या ठरावीक पेशी मरतात, उंदीर आखडतो, मग त्याच्यावर नवी औषधं तपासायची. काही उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. ते कंट्रोल. तुलनेला कुणीतरी धडधाकट लागतंच. सर फार हसरे. येतात मात्र आठवड्यातून एकदा, पाण्याची बाटली घरून घेऊन.

राहायला आवारातच खोली मिळाली. खिडकीतून फाटक आणि संस्थेचं दार दिसतं. मजा आहे.

६ फेब्रुवारी
उंदराला उभ्या दांड्याच्या टोकावर ठेवतात, तोंड वर करून. चांगला असेल तर गरकन वळतो आणि सरसर खाली. औषध दिलेला वळायचंच विसरतो. दांड्याला मिठी मारून बसतो. मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

इथली माणसं मात्र खडूस. किरण माझ्याआधी दोन वर्षं लागलाय, माझ्याच वयाचा. मी नमस्कार केला तर चेहरा इस्त्री केल्यासारखा. बोलतो ते तोंडातल्या तोंडात, मी ऐकायच्या लायकीची नसल्यासारखं. उंदरांच्या खोलीत मी नाकाला ओढणी लावली तर म्हणे, कसला वास? चहा-झाडलोटीला बेबाबाई आहे, तीपण कधी हसत नाही.

११ फेब्रुवारी
संस्थेच्या दाराशी माठ आहे, साखळीला तांब्या. मी तांब्या उचलला तर बेबाबाईनं अडवलं. तुनं पानी तठे शे, म्हणाली. कोपऱ्यात प्लास्टिकचा जार, वर एक ग्लास, ग्लासाला लाल ठिपका. मी विचारलं, आणि बाकीचे? बठ्ठा माठनंच पेतस, म्हणजे सगळे माठातलंच, म्हणाली आणि झाडत राहिली. सरांनीच तसं सांगितलंय म्हणे. किरण मागून पुटपुटला, मॅडमचा थाट आहे, स्पेशल पाणी.

इंटरव्ह्यूत आडनाव का दोनदा विचारलं ते आज कळलं. चवदार तळ्याची गोष्ट ऐकत मोठे झालो आम्ही भाऊबहीण. ती गोष्ट आहे असं वाटायचं.

१२ फेब्रुवारी
प्रशीलला फोन केला. धाकटा आहे पण वकिलासारखा बोलतो. ताई, रडते काय, सगळ्यांसमोर माठात तांब्या घाल आणि पी. मी तिथं असतो तर हेच केलं असतं.

प्यायले. सगळ्यांसमोर. बेबाबाईचा हात थरथरत होता. थरथरू दे. पाणी गार होतं, जरासं कडवट.

२८ फेब्रुवारी
रोज माठातलंच पिते. मुद्दाम जास्त पिते. जार तसाच भरलेला. उंदरांचा वास आता येत नाही, सवय झाली.

सर आज वैतागलेले होते. औषध दिलेले उंदीर काही आठवड्यांनी पुन्हा बरे चालायला लागतात, माणसाचं तसं होत नाही, मग काय उपयोग म्हणे. मग हसले आणि मला सख्खी भावंडं किती ते विचारलं. उंदरांत एकाच वेतातली पिल्लं घेतात, एकाला औषध, एकाला पाणी, तुलना चोख होते. मी म्हटलं, एकच भाऊ आहे, तोपण भांडकुदळ. दोघं हसलो.

२१ मार्च
माझं अक्षर बारीक येतंय. ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. पेन बदललं, तरी तेच.

किरण दारापाशी आला की थबकतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मग एकदम तुरुतुरु. मी गंमतीनं विचारलं, दारात काय साप आहे का. तो नुसता बघत राहिला. त्याच्या पापण्या लवतात की नाही?

आज कुर्त्याची बटणं लावायला फार वेळ लागला.

९ एप्रिल
सरांनी मला माठाशी बघितलं. हसू गेलं त्यांचं. पहिल्यांदाच.

आत बोलावलं. कधीपासून, विचारलं. मला वाटलं विटाळाचं बोलतील, मी भांडायच्या तयारीत. ते शांतपणे सांगत गेले. तेच औषध. माठात, थोडं थोडं. बेबाबाई, किरण, फाटकावरचा वॉचमन. उंदीर बरा होतो, माणूस होत नाही, मग उंदराला काय विचारायचं. मी कंट्रोल होते.

मीच का? तर म्हणाले, दुसऱ्या कुणाला वेगळं पाणी ठेवलं असतं तर दहा प्रश्न आले असते. तुला ठेवलं, कुणी एक विचारला नाही. तूपण नाही.

वर म्हणाले, माझं काम नासवलंस.

१० एप्रिल
किरणला सांगितलं. चेहरा तसाच. पुटपुटला, मला वाटायचं आपलं बरंय, आपण माठाचे. डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा हलला नाही. एवढे दिवस मी त्याला माज समजत होते.

वॉचमन फाटक उघडत नाही. सरांचा हुकूम.

प्रशीलला फोन. सगळं सांगितलं. त्याला काहीच ऐकू गेलं नाही. ताई, रेंज नाही तिकडं, मोठ्यानं बोल. मी मोठ्यानंच बोलत होते. शेवटी म्हणाला, चौदाला जयंती आहे, आदल्या दिवशी न्यायला येतो.

सर कालपासून इथंच मुक्कामाला, फोन त्यांनी काढून घेतला. म्हणाले, येऊ दे की. एकाच वेतातला आहे.

१२ एप्रिल
दारापर्यंत गेले. उंबरा — पाय उचलत नाही. सांगते त्याला, उचल. नाही.

दांड्यावरचा उंदीर. वळायचं असतं त्याला. वळायचंच असतं.

प्रशीलसाठी चिठ्ठी लिहिली, माठातलं पिऊ नको. बेबाबाईनं घेतली, हातातून पडली. दोघींना वाकता येईना.

१३ एप्रिल
बाईक. तोच आहे. फाटक उघडलं — सर स्वतः — हसतायत.

खिडकीशी आहे मी. हाक मारते. ओठ हलत नाहीत. हात फक्त कागदावर —

घामानं भिजलाय. उन्हात आलाय. बेबाबाई जारचा ग्लास भरून देते. ते घे. प्रशील, ते चांगलं आहे, ते —

ठिपका बघितला त्यानं.

ग्लास खाली ठेवला. मान ताठ. काहीतरी सुनावतोय सगळ्यांना, माझ्यासाठी. सर मधे पडले, नको म्हणतायत. तो आणखीच चिडला —

माझ्यासारखाच —

माठाकडे. नको रे. साखळी वाजली — तांब्या पूर्ण बुडव