बाबांचं इंजिन आणि माझी घट्ट झडप

४ मार्च
चोर सापडला! बाबांचं छोटं वाफेचं इंजिन आज टेबलावर, चाकं अधांतरी ठेवून पेटवलं. रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायचा दांडा, पूर्ण बंद. तरी चाकं सावकाश फिरत राहिली. आतून गळतंय.
गेल्या महिन्यात बागेतल्या रुळांवर ते असंच निघालं, बाबा मागच्या डब्यावर बसता बसता पडले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून एकच पालुपद : "हात थरथरतात माझे. दांडा नीट बंद झाला नसणार." अकरा वर्षं खपून बनवलेलं इंजिन, आता त्याच्याकडे बघतही नाहीत. दोष हातांचा नव्हता हे मला त्यांना दाखवायचंय. बस्स.

६ मार्च
बॉयलरचा घुमट उघडला. आत काय? नखाएवढी धातूची झडप, एका भोकावरून सरकते. एवढंच! चार मोठी माणसं ओढणारं इंजिन या नखाच्या शब्दाबाहेर नाही. कितीतरी वेळ बघतच बसले.
बाबा प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन स्टुलावर. कारखान्यात जन्मभर लेथ चालवली, गप्प कसले बसतात! "काचेवर पॉलिश पेपर ठेव. झडप आठच्या आकड्यात फिरव. इंग्रजी आठ गं!"

९ मार्च
आमच्या दातांच्या लॅबमधला निळा कागद आणला. कवळी कुठे टोचते ते आम्ही त्याने बघतो. झडपेखाली धरला, तर एकाच कोपऱ्यावर निळं. म्हणजे बाकी सगळी अधांतरी. पुन्हा घासणं. बोटं काळीठिक्कर.

१२ मार्च
निळं सगळीकडे सारखं! पण झडप तिला सरकवणाऱ्या खिट्टीवर डुगडुगत होती. मला डुगडुगणारं काही बघवत नाही. वीस वर्षं कवळ्या करतेय. नवी खिट्टी घातली, अगदी घट्ट. पेटवलं.
पहिल्यापेक्षा जास्त गळतंय. रडू आलं.

१३ मार्च
बाबा खो खो हसले. कितीतरी दिवसांनी! "कवळी केलीस होय तिची? सैल ठेव. तिला दाबून बसवायला आपण कोण? वाफ बसवते."
मग समजलं. जी वाफ निसटायला बघते तीच झडपेच्या पाठीवर बसते आणि स्वतःची वाट बंद करते. जोर जितका जास्त, तितकं पक्कं. मी घट्ट धरून तिला भोकावर टेकूच देत नव्हते. अंगावर काटा आला. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल?

१६ मार्च
बाग. प्लास्टर निघालंय. पूर्ण दाब. बाबांनी एक फेरी मारली आणि थरथरत्या हाताने दांडा बंद केला. इंजिन उभं. दहा मिनिटं जागचं हललं नाही. आत एवढी ताकद कोंडलेली आणि बाहेर चिमणीच्या धुराशिवाय काही नाही. रुळांशेजारी उकिडवी बसून बघत राहिले.
"बघितलंत ना? हाताचा दोष नव्हताच."
बाबा नुसतं "हं" म्हणाले.

१७ मार्च
चहा पिताना बाबा म्हणाले, "त्या दिवशी दांडा मी बंद केलाच नव्हता. थांबवायचं कसं, तेच आठवेना."
मग मला एवढं का राबवलंत?
"माझ्या लक्षात आहे तोवर तुला यायला हवं ना."