बारशाच्या कॅसेटमधला आवाज

रविवार संध्याकाळ, निगडी

पक्षाघातानं आईचं बोलणं गेलं, आणि आता तिचा आवाज मला नीट आठवेनासा झालाय. माझ्या बारशाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये तो आहे. पण कॅसेट एकच. ती कॉम्प्युटरवर उतरवायला नेमकं काय घ्यावं, या घोळातच महिना गेला.

आज चिंचवडच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरला जोडायची डबी कुठलीही चालेल. व्हीसीआर चांगला हवा, नाहीतर टेप अडकून तुटेल." त्याच्याकडचा चकचकीत व्हीसीआर त्यानं उघडूनही पाहिला नव्हता. ओरखडे पडलेला मात्र स्वतः साफ केलेला. माझ्यासमोर दुसरी कॅसेट लावून दाखवली. तोच आणला. तरी आमची कॅसेट अगदी हळू आत सरकवली. एकच तर आहे.

टीव्हीवर आई पाळणा म्हणत होती. गोड, पण परका आवाज, माझ्याहून तरुण मुलीचा. मला हवा होता तो हा नव्हेच, असं वाटून रडू आलं. तेवढ्यात पाळणा मध्येच थांबवून ती कुणाला तरी म्हणाली, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं."

हीच. हीच माझी आई.

मी वळून पाहिलं. शेजारी बसलेली आई टीव्हीकडे बघतच नव्हती. मी आवाज ओळखला का, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती.