नऊ वाजताचं पाणी

प्रिय प्राची,

फोनवर बोलायचं म्हटलं की तुझी आई शेजारी येऊन कान लावून बसते, आणि मला जे सांगायचंय ते तिलाही कधी सांगितलेलं नाही. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस. गेल्या वीस वर्षांत सोसायटीच्या अर्जाशिवाय मी काही लिहिलेलं नाही. आईचा गुडघा तसाच आहे, पण बस्तीत भगवंतांच्या दर्शनाला जायचं म्हटलं की तुरुतुरु चालते. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्यासारखीच आहे, एका जागी ठरत नाही. हे मी चेष्टेनं लिहिलं, आणि लिहिल्यावर वाईट वाटलं. पण खोडत नाही.

भादवा तोंडावर आला. यंदा पर्युषण पर्वाला येणार नाही असं तू आईला सांगितलंस. 'मी आले तर माझ्या गोळ्यांपायी घराला नियम मोडावा लागेल,' असं म्हणालीस. आईनं ते मला सांगितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी गोठ्यात गेलो. लहान असताना तू विचारायचीस ते आठवलं. दिवस मावळला की आई पाणी गाळून घागर झाकून ठेवायची, घरात सगळ्यांचं खाणंपिणं बंद व्हायचं, आणि मी उठून गोठ्यात जायचो. म्हशी बघून येतो म्हणायचो. दोन म्हशी बघायला तासभर लागतो व्हय आप्पा, असं तू एकदा पाहुण्यांसमोर विचारलं होतंस. सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या भादव्याचं आपण कधी बोललोच नाही. साताऱ्याहून आलीस ती उभीच होतीस. झोप नाही, टेकणं नाही. बस्तीतली सगळी पितळी भांडी एकटीनं घासलीस, दिवसभर स्तवनं म्हटलीस, नव्या साड्या शेजारणींना वाटून टाकल्यास आणि दहा उपवास धरलेस. गाव म्हणालं, आदगोंडाच्या लेकीच्या तोंडावर तपाचं तेज आलंय. मला तर काय, आभाळ ठेंगणं झालं. पारण्याच्या दिवशी ट्रॅक्टर सजवला, बँड लावला, तुला वर बसवून गावातनं फिरवलं. तुझा आजार मिरवला गं आम्ही, आणि वर तुलाच ओवाळलं. पंधरा दिवसांनी साताऱ्याच्या दवाखान्यात तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस, तेव्हा आर्जवराव माझ्याशी एक शब्द वाकडा बोलले नाहीत. जावयानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारलं होतं, घरात याआधी कुणाला असं झालं होतं का, आत्या, काका, कुणीही? मी म्हणालो, न्हाई, आमच्यात कुणाला न्हाई. आर्जवरावांच्या देखत म्हणालो. ते खोटं होतं.

सोप्यातला गुणमाला आत्याचा फोटो तू जन्मल्यापासून बघतेस. माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायचो. ती विहिरीवर पाय घसरून गेली, असं तुम्हा पोरांना सांगत आलो. ती घसरली नव्हती. विहीर मी बुजवली ती बोअर मारलं म्हणून नव्हे. अक्कालाही तुझ्यासारखंच व्हायचं. दोन महिने वाऱ्यावर, मग चार महिने अंथरुणात. सासरच्यांनी आणून सोडलं होतं. आमचे वडील म्हणायचे, मनाचा दुबळेपणा आहे, धर्मात मन घाल. मिरजेच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या घेतल्या की ती शांत व्हायची, ताटावर बसून चेष्टामस्करी करायची. त्या भादव्यात तिनं दहा उपवास धरले. झोपेना, गात सुटली. तेव्हाही गाव तेजच म्हणालं होतं. तेव्हा ट्रॅक्टर नव्हता, बैलगाडी होती.

दहाव्या दिवशी दिवेलागणीला ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली. मी बावीस वर्षांचा गडी, घागरीतलं पाणी चोरून प्यायला आत शिरलो होतो. तिच्या मुठीत गोळी होती. म्हणाली, 'आदू, वाईच पाणी दे रं. डोकं लय पळतंय. गोळी घेती.' माझ्या हातात भरलेला तांब्या होता, प्राची. आणि मी म्हणालो, 'अक्का, उद्या पारणं हाय, सगळं गाव यायचंय. एका रातीसाठी नियम मोडू नगंस.' तिनं माझ्याकडं बघितलं, मग तांब्याकडं. गोळी पदराच्या गाठीला बांधून गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून सगळ्यांना हात जोडत होती. त्यानंतर नऊ दिवसांनी गेली. पदराची गाठ तशीच होती, ती मीच सोडली.

त्या दिवसापासून दिवस मावळल्यावर माझ्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता. एकेचाळीस वर्षं. टायफॉइडमध्येसुद्धा नाही. बस्तीतले उपाध्ये पोरांना माझं उदाहरण देतात, नियम असावा तर आदगोंडाआप्पासारखा. मी मान खाली घालून ऐकतो, आणि लोकांना तो नम्रपणा वाटतो. दिवेलागणीला उंबऱ्यावरनं 'आदू' अशी हाक अजून येते. रोज येते. त्या हाकेला भिऊनच मी गोठ्यात जातो. आणि गेल्या वर्षी तू त्याच उंबऱ्यावर उभी राहून म्हणालीस, 'आप्पा, वाईच पाणी द्या, गोळी घ्यायची हाय.' अक्काचा आवाज तू कधी ऐकलेला नाहीस. तरी तोच होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि गोठ्यात गेलो. आई तुला म्हणाली, दहा दिवस तर हायेत. तू ऐकलंस. तुला वाटलं असेल आप्पांना ऐकूच आलं नाही. आलं होतं.

एका गोळीनं माणूस जातही नाही आणि राहतही नाही, हे मला कळतं. पण ते कळून माझं काही भागत नाही. हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखव. गरज पडली तर मी येतो आणि खुर्चीवर बसून सांगतो, माझ्या बहिणीला होतं म्हणून. आईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे.

तुझी रात्रीची गोळी नऊला असते, हे आर्जवरावांना विचारून घेतलं. मोबाईलमध्ये नऊचा गजर लावलाय. गेल्या सोमवारपासून तो वाजला की मी उठतो, घागर उघडतो, पाणी फडक्यातनं गाळतो आणि एक तांब्या भरून तुझ्या खोलीच्या खिडकीत नेऊन ठेवतो. हाताला सवय व्हावी म्हणून. पहिल्या दिवशी आई बघतच राहिली. भरलेला तांब्या तसाच माघारी आणवेना, म्हणून रोज तिथंच उभा राहून मी तो पितो. एकेचाळीस वर्षांनी पितोय, घशाला लागतं. पर्वाला ये पोरी, आणि तुझं पाणी तू पी.

तुझाच,
आप्पा